लुईचा इंग्लंडच्या गादीवरचा दावा (१२१६-१७) कितपत खरा होता?

बाराखडी (धागाकर्ता)

मंडळी,

इंग्लंडच्या राजांची कुठलीही यादी उघडा, जॉनच्या खाली थेट तिसरा हेन्री येतो. मध्ये कुणीच नाही. पण २ जून १२१६ रोजी लंडन शहराने एका फ्रेंच माणसाला वाजतगाजत आत घेतलं, सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्याच्यापुढे सरदारांनी आणि शहरवासीयांनी निष्ठेची शपथ घेतली आणि पुढे काही महिने जवळजवळ निम्मा देश त्यालाच धनी मानत होता. हा माणूस म्हणजे लुई. फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्टस याचा थोरला मुलगा, आर्त्वा प्रांताचा मालक, वय २८.

त्याची गोष्ट बहुतेक ठिकाणी "फ्रेंचांनी स्वारी केली, फसली" एवढ्यात उरकतात. मला हे बरेच दिवस खटकतं आहे. लुई बोलावल्याशिवाय आलेला नव्हता. आणि येण्याआधी आपला हक्क कशावर उभा आहे ते त्याने पोपच्या वकिलासमोर, भर दरबारात मांडलं होतं. ती मांडणी वाचण्यासारखी आहे, म्हणून हा धागा.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. १५ जून १२१५ ला रनीमीडच्या कुरणात जॉनने मॅग्ना कार्टावर, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेवर, मोहोर उमटवली. २४ ऑगस्टला पोप तिसरा इनोसंट याने ती सनद रद्दबातल ठरवली. जॉनने १२१३ मध्येच आपलं राज्य पोपच्या पायाशी ठेवून दरसाल १००० मार्कांच्या खंडणीवर जहागीर म्हणून परत घेतलं होतं, म्हणजे इनोसंट आता नुसता धर्मगुरू नव्हता, जॉनचा वरिष्ठ धनी होता. सनद गेली, लढाई पेटली आणि बंडखोर सरदारांनी थेट लुईला निरोप धाडला: या, मुकुट घ्या.

लुईच का? त्याची बायको ब्लांश ही कॅस्टिलची राजकन्या, आणि ब्लांशची आई एलिनॉर म्हणजे जॉनची सख्खी बहीण. नात्याचा धागा हाच. शिवाय व्यवहारही होता. जॉनचे बरेचसे भाडोत्री सैनिक फ्रेंच मुलखातले होते, फ्रान्सच्या युवराजावर ते हत्यार उचलणार नाहीत असा सरदारांचा हिशेब होता.

एप्रिल १२१६ मध्ये मेलं इथे दरबार भरला. पोपचा वकील ग्वाला हजर होता. त्याने फिलिपला बजावलं, इंग्लंड ही चर्चची मालमत्ता आहे, मुलाला आवर. फिलिपने उत्तर दिलं की इंग्लंड कधीच पोपची मालमत्ता नव्हतं आणि सरदारांच्या संमतीशिवाय कुठलाही राजा आपलं राज्य असं कुणाला देऊन टाकू शकत नाही. मग लुईच्या बाजूने एक सरदार उभा राहिला. त्याचे मुद्दे असे: जॉनने सख्ख्या भावाशी, आधीचा राजा रिचर्ड याच्याशी, द्रोह केला आणि त्यात तो दोषी ठरला, म्हणून तो मुळात कायदेशीर राजा नव्हताच. पुढे त्याने पुतण्या आर्थरचा खून केला, त्याबद्दल फ्रान्सच्या दरबाराने त्याला देहदंड सुनावला. त्याच्या पापांमुळे सरदारांनी त्याला सोडलं. आणि सरदारांना न विचारता त्याने राज्य पोपला दिलं, म्हणजे आपण होऊन गादी सोडली. गादी रिकामी होती, ती ब्लांशच्या हक्काने लुईकडे आली.

माझं म्हणणं असं की यातले निम्मे मुद्दे लंगडे असले तरी एक मुद्दा फार मोठा आहे: राज्य ही राजाची खाजगी इस्टेट नव्हे, ती देऊन टाकायला इतरांची संमती लागते. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला हे भर दरबारात बोललं गेलं. तुम्हाला काय वाटतं?

---

टाचणी

धागा उत्तम, पण मांडणीतल्या खोट्या गोष्टींवर आधी बोट ठेवायला हवं.

आर्थर १२०३ मध्ये रूआंच्या कैदेत नाहीसा झाला. जॉननेच त्याला मारलं असं मानायला जागा आहे. पण फ्रेंच दरबाराने त्या खुनाबद्दल जॉनला देहदंड दिला, हे बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. जो निकाल खरोखर झाला तो १२०२ चा, लुझिन्यां या फ्रेंच सरदार घराण्याच्या तक्रारीवरून. समन्स काढूनही जॉन हजर झाला नाही म्हणून त्याच्या फ्रान्समधल्या जहागिरी जप्त झाल्या. तोही मांडलिक म्हणून. इंग्लंडचा राजा म्हणून त्याला फ्रान्सचा दरबार काय शिक्षा देणार?

दुसरं. रिचर्ड जर्मनीत कैदेत असताना जॉनने द्रोह केला हे खरं. पण तो कुणाशी हातमिळवणी करून केला? याच फिलिपशी! ज्याने कट करायला मदत केली त्याचा मुलगा वीस-बावीस वर्षांनी म्हणतो की या कटामुळे तुझा हक्क गेला.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात जड: ब्लांश वारसांच्या रांगेत होतीच कुठे? आर्थरची बहीण एलिनॉर जिवंत होती, जॉनच्याच कैदेत. जॉनची दुसरी बहीण माटिल्डा हिचे मुलगे जिवंत होते, त्यातला ऑटो तर सम्राट झालेला. ब्लांशला स्वतःलाच एक थोरली बहीण बेरेंगारिया होती आणि धाकटा भाऊ एन्रिके तेव्हा कॅस्टिलचा राजा होता. आणि या सगळ्यांच्या आधी जॉनची स्वतःची मुलं!

---

बाराखडी (धागाकर्ता)

टाचणी, नेमके हेच आक्षेप खुद्द इनोसंटने घेतले होते. लुईचे वकील रोमला गेले तेव्हा पोपने एकेक नाव घेऊन विचारलं, आणि वकिलांनी दिलेली उत्तरं रॉजर ऑफ वेंडोव्हरच्या बखरीत आहेत. मला ती फार हुशार वाटतात.

जॉनच्या मुलांबद्दल ते म्हणाले, आर्थरच्या खुनाबद्दलचा निकाल झाला तेव्हा जॉनला मूलच नव्हतं. (हेन्रीचा जन्म १ ऑक्टोबर १२०७ चा.) म्हणजे हक्क त्याच्या मुलांकडे जायच्या आधीच दुसरीकडे वळला. मग तो कुणाकडे गेला? त्या दिवशी जॉनचा बाप दुसरा हेन्री याच्या मुलांपैकी जॉनखेरीज एकच जण जिवंत होतं, ते म्हणजे कॅस्टिलची राणी, ब्लांशची आई. माटिल्डा ११८९ मध्ये गेली, तिसरी बहीण जोन ११९९ मध्ये. मेलेल्या भावंडाच्या मुलापेक्षा जिवंत बहीण जवळची, हा त्यांचा नियम.

आणि आता मजा बघा. हा नियम ऐनवेळी रचलेला नव्हता. ११९९ मध्ये रिचर्ड वारला तेव्हा मयत थोरल्या भावाचा मुलगा आर्थर आणि जिवंत धाकटा भाऊ जॉन यांच्यात हाच प्रश्न उभा राहिला होता. विल्यम मार्शल या बड्या सरदाराने तेव्हा जॉनची बाजू घेतली, कारण पुतण्यापेक्षा भाऊ जवळचा. जॉन ज्या शिडीने गादीवर चढला तीच शिडी लुईने भिंतीला लावली.

बेरेंगारिया आणि एन्रिके यांच्याबद्दलचं उत्तर तर आपल्याकडच्या भाऊबंदकीतल्या वकिलाला शोभेल. वारस अनेक असतील आणि पहिला गप्प बसला, तर मागचा पुढे येऊ शकतो. पहिल्याने पुढे कधी मागणी केली तर त्याचा हक्क शाबूत.

तुमचा फिलिपच्या कटाचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

दुर्गवेडा

कायद्याचं चालू द्या, मी किल्ल्याचं लिहितो. माझ्या मते हा दावा डोव्हरच्या उत्तर दरवाजात अडला.

लुई २१ मे १२१६ ला केंटच्या किनाऱ्यावर, थॅनेट बेटावर स्टोनरला उतरला. जॉन सैन्य घेऊन जवळच होता, पण न लढताच निघून गेला. मग धडाधड किल्ले पडले, १४ जूनला विंचेस्टर हाती आलं. मागे डोव्हर तसाच राहिला होता. किल्लेदार ह्यूबर्ट द बर्ग, शिबंदीत १४० नाइट आणि शिवाय भरपूर शिपाई. वेंडोव्हर सांगतो की फिलिपला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, डोव्हर घेतला नाही म्हणजे माझ्या मुलाने इंग्लंडात पाऊलभर जमीनही घेतलेली नाही.

जुलैत वेढा पडला. उत्तरेकडे जमीन किल्ल्यापेक्षा चढती, म्हणून हल्ला तिकडूनच. दरवाजाच्या पुढे लाकडी कुंपणाची एक बाहेरची गढी होती, ती आधी घेतली. मग सुरुंगवाले महादरवाजाखाली शिरले. इथे सुरुंग म्हणजे दारू नव्हे. पायाखाली भुयार खणायचं, वरचा भार लाकडी खांबांवर तोलायचा आणि शेवटी खांबच पेटवायचे. खांब जळाले की वरचं बांधकाम बसतं. दरवाजाच्या दोन बुरुजांपैकी एक असा खाली आला आणि फ्रेंच आत घुसले.

तिथेच किल्ला पडायला हवा होता. पण ह्यूबर्टच्या माणसांनी त्यांना त्या ढिगाऱ्यावरून मागे रेटलं आणि खिंडार मोठमोठ्या तुळया आणि ओंडके घालून बुजवून टाकलं. दगड नाही, चुना नाही, नुसतं लाकूड. लुईला ते पुन्हा फोडता आलं नाही. ऑक्टोबरात त्याने तह करून वेढा उठवला.

---

टेम्सकाठ

दुर्गवेडा, मी इंग्लंडात राहते आणि डोव्हर दोनदा पाहिला आहे. दुसऱ्यांदा मुद्दाम त्या उत्तर टोकाला गेले. तिथे आता दरवाजा नाही! १२१६ च्या अनुभवानंतर तो कायमचा बुजवला आणि त्या जागी भरीव बुरूज उभे केले. नवा महादरवाजा पश्चिमेच्या अंगाला, जिथे शत्रूला चढ चढून यावं लागतं तिथे काढला. उत्तर टोकाच्या बाहेर खंदकात एक गोल बुरूज आणि तिथपर्यंत जाणारी जमिनीखालची वाट आहे. त्या भुयारात शिरलं की उन्हाळ्यातही अंगावर काटा येतो, भिंतीचा खडू हाताला पांढरा लागतो. बाजूला उभ्या असलेल्या शाळेच्या मुलांना त्यांच्या बाईंनी नेपोलियन सांगितला, हेन्री सांगितला. लुईचं नाव निघालं नाही. ती वाट त्याच्यामुळे खणली गेली हो. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

---

सातवीण

सगळे लुईबद्दल लिहितायत. ज्या बाईच्या हक्कावर हे सगळं उभं होतं तिच्याबद्दल कुणी लिहील का, म्हणून वाट पाहत होते. मीच लिहिते.

ब्लांशची आजी म्हणजे एलिनॉर ऑफ अ‍ॅक्विटेन. १२०० साली फिलिप आणि जॉन यांच्यात समेट झाला, त्यात जॉनची एक भाची लुईला द्यायची ठरली. पंचाहत्तरी ओलांडलेली आजी ऐन थंडीत पिरेनीज डोंगर ओलांडून कॅस्टिलला गेली आणि नातींमधून बारा वर्षांची ब्लांश निवडून घेऊन आली. थोरली उराका मागे राहिली. म्हणजे या दाव्याचं मूळ त्या म्हातारीच्या निवडीत आहे. जे लग्न जॉनशी भांडण मिटावं म्हणून झालं, त्याच लग्नाने सोळा वर्षांनी जॉनच्या गादीवर हक्क सांगायला कारण पुरवलं.

आणि ब्लांश नुसती कागदावरचं नाव नव्हती. १२१७ मध्ये लुई अडचणीत आला तेव्हा सासऱ्याने उघड मदत द्यायचं टाळलं, त्याला पोपशी वाकडं घ्यायचं नव्हतं. रेंसच्या एका भाटाने पुढे सांगितलेली गोष्ट अशी की ब्लांश फिलिपपुढे उभी राहून म्हणाली, माझी मुलं आहेत, ती गहाण ठेवीन, कुणीतरी पैसे देईलच. मग फिलिपने तिला खजिना उघडून दिला, तिला म्हणून, मुलाला म्हणून नाही. गोष्ट शब्दशः खरी असेलच असं नाही. पण कॅलेला माणसं, जहाजं आणि सामान तिने गोळा केलं हे खरं आहे.

ते आरमार २४ ऑगस्ट १२१७ ला सँडविचपुढे बुडालं. त्याचा म्होरक्या यूस्टेस, पूर्वाश्रमीचा मठवासी आणि नंतरचा दर्यालुटारू. त्याचं जहाज घोडे आणि दगड फेकायचं यंत्र लादून इतकं जड झालं होतं की पाण्यात खोल रुतून चाललं होतं. इंग्रजांनी वाऱ्याची बाजू साधली आणि उंच जहाजावरून चुन्याची भुकटी खाली उधळली. फ्रेंचांचे डोळे गेले. यूस्टेसला तिथेच जहाजावर मारलं.

---

पानगळ

मूळ प्रश्नाकडे येतो. दावा डोव्हरला अडला असेल, सँडविचला बुडाला असेल, पण तो मेला १९ ऑक्टोबर १२१६ च्या आसपास, नेवार्कच्या किल्ल्यात. त्या रात्री जॉन हगवणीने गेला.

विचार करा, लुईची बाजू कशावर उभी होती? जॉन वाईट आहे यावर. द्रोही, खुनी, वचन मोडणारा. ब्लांशचं नातं हे त्यावर चढवलेलं छप्पर होतं. भिंत गेली, छप्पर कशावर राहणार? आता समोर नऊ वर्षांचा हेन्री होता. त्याने कुणाला मारलं होतं? कुठलं वचन मोडलं होतं?

राजनिष्ठांनी दहा दिवसांच्या आत, २८ ऑक्टोबरला, ग्लॉस्टरला त्याचा राज्याभिषेक उरकला. वेस्टमिन्स्टर लुईच्या ताब्यात, कँटरबरीचा आर्चबिशप लँग्टन देशाबाहेर, नेहमीचा मुकुटही हाताशी नाही. सोन्याचं एक साधं कडं मुलाच्या डोक्यावर ठेवलं. लुईकडे लंडन होतं, वेस्टमिन्स्टर होतं, पण त्याला अभिषेक करायला कुणी बिशप पुढे येईना, कारण २९ मेपासून तो चर्चमधून बहिष्कृत होता. मुलाकडे काहीच नव्हतं, पण तेल आणि बिशप होते.

कारभार आला विल्यम मार्शलकडे. तोच, ज्याने ११९९ मध्ये जॉनची बाजू घेतली होती. आता सत्तरीचा. त्याच्या चरित्रकाव्यात तो म्हणतो, सगळ्यांनी साथ सोडली तरी या मुलाला खांद्यावर घेऊन बेटाबेटांवरून फिरेन, भाकरी मागावी लागली तरी. आणि या म्हाताऱ्याने १२ नोव्हेंबरला ब्रिस्टलला जे केलं ते मला सगळ्यात मोठं वाटतं. ज्या सनदेसाठी बंड झालं होतं ती मॅग्ना कार्टा त्याने राजाच्या नावाने पुन्हा काढली, काही कलमं गाळून. आणि या वेळी तिच्यावर पोपच्याच वकिलाची, ग्वालाची, मोहोर होती! ज्या चर्चने ती वर्षभरापूर्वी रद्द केली त्याच चर्चने. कारण दाराशी लुई उभा होता. सरदारांना परत आणायचं तर लुईने जे देऊ केलं असतं ते आपणच द्यायला हवं, हे मार्शलला कळलं.

लुई आलाच नसता तर १२१५ ची सनद दहा आठवड्यांत रद्द झालेला कागद म्हणून कपाटात राहिली असती, असं माझं ठाम मत आहे.

---

दुर्गवेडा

पानगळ, शंभर टक्के सहमत. फक्त लिंकन शहरातली लढाई विसरू नका. सनद निघाली तरी मोठे सरदार लगेच परतले नाहीत, मार्च १२१७ पासून गळती लागली, पण लंडन लुईकडेच होतं. २० मे ला लिंकनला निकाल लागला. किल्ला सांभाळत होती निकोला द ला हे, चांगली वयस्क विधवा. खाली शहर लुईच्या माणसांचं, वर किल्ला तिचा. मार्शलच्या तिरंदाजांनी किल्ल्यात शिरून तटावरून खालच्या घोड्यांवर बाण सोडले. फ्रेंचांचा सेनापती पर्शचा काउंट कॅथीड्रलपुढे पडला, शिरस्त्राणाच्या डोळ्याच्या फटीतून भाला शिरला. आणि मार्शल? घाईत शिरस्त्राण न घालताच घोडा पुढे दामटवत होता, पोऱ्याने आठवण केली तेव्हा थांबला.

नंतर शहर असं लुटलं की त्या दिवसाला 'लिंकनची जत्रा' नाव पडलं. होड्यांत दाटीवाटीने चढून पळणाऱ्या बायका-मुलं नदीत बुडाली. जिंकणाऱ्यांची बाजू सांगताना हेही सांगायला हवं.

---

टाचणी

शेवटही लिहून ठेवते, कारण तो माझ्याच मताविरुद्ध जातो.

सप्टेंबर १२१७ मध्ये किंग्स्टनजवळ टेम्समधल्या एका बेटावर बोलणी झाली. लुईने इंग्लंड सोडायचं, सरदारांना माफी आणि त्यांच्या जमिनी परत. बहिष्कार उठवून घेण्यासाठी लुईने अनवाणी, नुसत्या सदऱ्यात यावं असा ग्वालाचा आग्रह होता. शेवटी सदऱ्यावरून झगा घ्यायची सवलत मिळाली. त्याच्या बाजूच्या धर्मगुरूंना मात्र माफी नाही. आर्चबिशपचा भाऊ सायमन लँग्टन लुईचा चान्सलर, म्हणजे दप्तराचा प्रमुख, होता, त्याला देश सोडावा लागला.

आणि लुईला द्यायचे ठरले १०,००० मार्क. म्हणजे ६,६६६ पौंड आणि वर काही शिलिंग. निव्वळ लुटारूला, तेही हरल्यावर, कुणी एवढी रक्कम देतं का? ती दाव्याची किंमत होती. काहीतरी हक्क होता म्हणूनच तो विकत घ्यावा लागला. इथे मी माझ्या पहिल्या प्रतिसादापासून थोडी सरकते.

तहात आणखी एक कलम आहे: लुईने खजिन्याचे हिशेबाचे गुंडाळे परत करावेत. ते इतके दिवस त्याच्याकडे होते.

---

बाराखडी (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. टाचणी, ते गुंडाळ्यांचं कलम माझ्या नजरेतून सुटलं होतं. चान्सलर होता, हिशेब होते, लोक शपथ घेत होते. म्हणजे कारभार चालला होता.

पण या तीन-चार दिवसांत तुमचे प्रतिसाद वाचता वाचता मी लुईने इंग्लंडमध्ये दिलेली दानपत्रं पुन्हा पाहिली. नोव्हेंबर १२१६ चं एक आहे, हंटिंगफील्डच्या विल्यमला ग्रिम्सबी गाव दिल्याचं. जॉन मेलेला, लंडन हातात, सरदार सोबत. अशा वेळी 'इंग्लंडचा राजा लुई' असं लिहायला त्याला कोण अडवणार होतं? पण पत्राची सुरुवात आहे, 'फ्रान्सच्या राजाचा ज्येष्ठ पुत्र लुई'. बाकीच्या पत्रांतही तसंच. अभिषेक झाल्याशिवाय त्याने स्वतःला राजा म्हटलं नाही.

यादीत त्याचं नाव घालावं असं म्हणत मी आलो होतो. ते मी मागे घेतो. त्याने स्वतः जे लिहिलं नाही ते आपण त्याच्या नावापुढे कसं लिहायचं?